मीटरचे एकवीस दिवस

"त्याला पिंजरा म्हणायचं नाही, क्रेट म्हणायचं," असं कुत्र्यांच्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी बजावलं, तेव्हा बाई "हो" म्हणाल्या. ट्रेनर जिना उतरून गेल्यावर त्यांनी त्या वस्तूकडे नीट पाहिलं. चारी बाजूंनी काळी लोखंडी जाळी, खाली प्लास्टिकचा ट्रे, पुढे दार, दाराला वर-खाली दोन खिट्ट्या. आत पोपट असता तर सगळ्या जगाने त्याला पिंजराच म्हटलं असतं. पण ट्रेनर म्हणतो क्रेट, तर क्रेट. हल्ली बाईंना कशासाठीच वाद घालावासा वाटत नव्हता.

बिल्डिंगमध्ये त्यांना कवळीवाल्या बाई म्हणत. डेंटल लॅबमध्ये गेली बावीस वर्षं त्या कवळ्या करत होत्या. दवाखान्यातून माणसाच्या जबड्याचा ठसा येतो, त्याचं प्लास्टरचं मॉडेल करायचं, मेणाच्या हिरडीत एकेक दात लावायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून शिजवायचं, घासायचं, चमकवायचं. माणूस कधी दिसत नाही, फक्त त्याचं तोंड दिसतं, तेही रिकामं. ओळखीचं कुणी भेटलं की बाईंची नजर आधी दातांवर जाई.

दात काढायच्या आधी सुई देतात, तेव्हा ओठ जागेवरच असतो पण आपला वाटत नाही. बोट लावलं तर बोटाला ओठ लागतो, ओठाला बोट लागत नाही. नवरा गेल्यापासून चार महिने बाईंचं तसं चाललं होतं. त्या उठत, आंघोळ करत, लॅबमध्ये जात, येताना दूध आणत. रडल्या नव्हत्या. लोक म्हणत, काय धीराची बाई आहे. बाई म्हणत, हो.

नवरा मीटर रीडर होता. चौतीस वर्षं दारोदार हिंडून लोकांच्या विजेचे आकडे टिपले. पायांना इतकी सवय की निवृत्त झाल्यावर माणूस घरात बसेना. खुर्चीत बसला तरी पाय हलत. बाई म्हणायच्या, "तुम्हाला बांधून ठेवायला हवं." त्यावर एके दिवशी तो बांधून ठेवायची वस्तू घेऊनच आला: पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेलं टेरियरचं पिल्लू, वीतभर लांब, आणि आल्या आल्या त्याने पायपुसणं फाडलं. "बंद म्हणून पडत नाही हे, सारखं पळतंय," नवरा कौतुकाने म्हणाला आणि त्याचं नाव मीटर ठेवलं. मग दोघं रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दहा-बारा किलोमीटर चालत. अडीच वर्षं. कुत्र्याला एकटं राहायची कधी वेळच आली नाही. नवऱ्याला न्हाव्याकडे जायचं असलं तरी मीटर बाहेर पायरीवर.

नवरा पोस्टाच्या रांगेत उभा असताना गेला. मीटर तेव्हाही बाहेर खांबाला बांधलेला होता. त्याला घरी कुणी आणलं, ते बाईंना आजवर कळलेलं नाही.

पहिले तीन महिने नणंद येऊन राहिली होती, त्यामुळे घरात माणूस असे. ती तिच्या घरी परतली आणि दुसऱ्याच दिवशी प्रकरण सुरू झालं. बाई साडेआठला लॅबला गेल्या की मीटर जो भुंकायला लागे, तो त्या संध्याकाळी परतेपर्यंत. मध्ये मध्ये दम घ्यायला थांबे आणि त्या वेळात काहीतरी फोडे. सोफ्याचा एक हात संपला. दाराच्या चौकटीवर खाली हातभर लाकूड कुरतडलेलं. नवऱ्याच्या चपलांपैकी डावीचा फक्त अंगठा उरला.

बाईंच्या घराच्या अगदी खाली सिस्टर राहत. मोठ्या हॉस्पिटलमध्ये कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला येऊन झोपायच्या. दोन आठवडे त्यांनी कानात कापूस घातला, तिसऱ्या आठवड्यात अर्ज लिहिला. अर्ज अगदी साधा होता: मला झोप मिळत नाही, झोप न झालेल्या माणसाच्या हातात इंजेक्शन असतं, याचा विचार व्हावा. यावर कुणाला काय बोलता येणार? सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाईंना पत्र दिलं. एकवीस दिवसांत कुत्र्याच्या आवाजाचा बंदोबस्त करावा, अन्यथा कुत्रे इमारतीबाहेर हलवावे.

नणंदेने फोनवर लगेच तोडगा काढला.

"वहिनी, माझ्या दिरांचं गोदाम आहे ना पशुखाद्याचं, गावाबाहेर. उंदरांनी नुसता धुडगूस घातलाय. त्यांना कुत्रं हवंच आहे. साखळी लांब बांधतील. मोकळी हवा, हुंदडायला जागा."

"साखळी बांधून हुंदडणार कसा?"

"लांब साखळी म्हटलं मी. आणि हे बघा, तुमच्याच्याने नाही व्हायचं. त्या कुत्र्याला दादा लागायचा, आता दादाच नाही."

"हो."

"तुम्ही हो म्हणता म्हणजे तुम्ही ऐकलेलंच नसतं."

"ऐकलं. एकवीस दिवस आहेत अजून. नाही जमलं तर न्या."

असं का म्हटलं ते बाईंना सांगता आलं नसतं. कुत्र्यावर त्यांचं फार प्रेम होतं असंही नाही. तो नवऱ्याचा होता. पण गोदामात साखळीला बांधलेला मीटर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला तेव्हा तो येईना, आणि जी गोष्ट डोळ्यांसमोर येत नाही तिला हो म्हणायला जीभ रेटली नाही. एवढंच.

म्हणून हा ट्रेनर, आणि म्हणून हा क्रेट.

ट्रेनरने एका कागदावर सहा आठवड्यांचं वेळापत्रक लिहून दिलं होतं. पहिले दोन आठवडे दार उघडंच ठेवायचं. आत खाऊ टाकायचा, जेवण आतच द्यायचं, कुत्रा आपण होऊन जाईल-येईल. तिसऱ्या आठवड्यात आपण शेजारी बसून दार लावायचं, आधी मिनिटभर, मग दोन मिनिटं. चौथ्यात दुसऱ्या खोलीत जायचं. पाचव्यात घराबाहेर. सहाव्यात तासांवर यायचं. खाली जाड अक्षरात: घाई करू नये. रोज आधी भरपूर चालवून दमवावे.

बाईंनी लॅबमध्ये आठ दिवसांची रजा मागितली. मालकांनी चष्मा वर केला. "तुम्ही? रजा?" नवरा गेला तेव्हा बाईंनी चारच दिवस घेतली होती.

"कुत्र्याला पेटीत बसायला शिकवायचंय," बाई म्हणाल्या.

"त्याला शिकवून झालं की माझ्या मेहुण्यालाही न्या," मालक म्हणाले आणि रजा दिली.

पहिले चार दिवस बरे गेले. मीटरच्या दृष्टीने क्रेट म्हणजे आपल्याला खेळायला आणलेलं एक मोठं खेळणं होतं. आत उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकला की तो गोळीसारखा आत, तुकडा तोंडात, गोळीसारखा बाहेर. आतली गादी त्याने पहिल्याच दिवशी ओढून काढून स्वयंपाकघरात नेली. दुसरी घातली, तिचा कापूस काढून घरभर पसरला. तिसऱ्या खेपेला बाईंनी जुनी सतरंजी दुमडून घातली, तर तिच्यावर उभं राहून तो बाईंकडे पाहत राहिला. एवढंच का, अजून आणा.

सकाळी चालायला नेणं हेही काम होतंच. बाईंना वाटलं होतं आपण त्याला नेऊ, पण नेत मीटर होता. नवऱ्याने निवृत्तीनंतरही आपली जुनी वाट सोडली नव्हती, हे त्यांना तेव्हा कळलं. कुत्रा एकेका फाटकाशी थांबे, विजेच्या मीटरची पेटी जिथे असेल तिथे जाऊन खाली बसे, दोन मिनिटं थांबून पुढे निघे. एका फाटकाशी झाडांना पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "याचे साहेब बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत? बरे आहेत ना?"

बाई म्हणाल्या, "हो." आणि पुढे चालू लागल्या. पुढच्या वळणावर त्यांना कळलं आपण काय उत्तर दिलं. परत जाऊन दुरुस्त करावं असं त्यांना वाटलं नाही.

पाचव्या दिवशी बाई कागद घेऊन बसल्या. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. हातात एकवीस, त्यातले चार गेले. मग त्यांनी प्रत्येक टप्पा निम्म्याहून कमी केला, पेन्सिलीने नवे आकडे बाजूला लिहिले आणि त्याच संध्याकाळी मीटर आत असताना दार लावलं.

तो आधी नुसता वळून बघत राहिला. मग त्याने पंजाने जाळी हलवून पाहिली. मग जे सुरू झालं, त्यात भुंकणं होतं, केकाटणं होतं, जाळीला दात लावून ओढणं होतं. बाई समोर स्टुलावर घड्याळ घेऊन बसल्या. ट्रेनरने सांगितलं होतं, ओरडत असताना दार उघडायचं नाही, नाहीतर ओरडलं की दार उघडतं हे तो शिकेल. बाईंनी हे एक वाक्य मात्र अक्षरशः पाळलं. चाळीस मिनिटांनी दम घ्यायला तो थांबला, तेव्हा त्यांनी दार उघडलं. एरवी कुणाचं काळीज हललं असतं. बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

रजा संपली. नवव्या दिवशी त्या त्याला क्रेटमध्ये ठेवून लॅबला गेल्या. नवऱ्याचा जुना फोन आवाज टिपायला टेबलावर ठेवला होता. संध्याकाळी पुढे-मागे सरकवत ऐकला: साडेतीन तास भुंकणं. दहाव्या दिवशी अडीच तास. अकराव्या दिवशी तास. सेक्रेटरी रोज दुपारी जिन्यात उभे राहून मनगटावरच्या घड्याळात बघत आणि वहीत लिहून ठेवत. तेराव्या दिवशी वीस मिनिटं. चौदाव्या दिवशी काही नाही.

पंधराव्या दिवशीही काही नाही.

"वहिनी, मानलं तुम्हाला," सेक्रेटरी पाणी भरायच्या वेळी म्हणाले. "हा कोर्स माणसांसाठी असतो का हो? आमच्या मीटिंगला उपयोग होईल."

नणंद फोनवर म्हणाली, "चला, सुटलात. दिरांना कळवते मग. त्यांनी खरं तर साखळी आणून ठेवली होती." तिच्या आवाजात थोडी खंत होती, साखळी वाया गेल्याची.

मीटर आता शहाणा झाला होता. बाईंनी किल्ल्या उचलल्या की तो स्वतःहून क्रेटमध्ये जाऊन पाठ करून बसे. सतरंजी फाडत नसे. आत ठेवलेलं जेवण संध्याकाळी तसंच असे, ते बाई परतल्यावर कधी अर्धं खाई, कधी नाही. सकाळी चालताना तो फाटकांशी थांबेनासा झाला. पट्टा सैल सोडून बाईंच्या टाचेशी चाले. वाटेत कुणी म्हणे, किती गुणी कुत्रं आहे, आणि बाई मान हलवत. घर शांत होतं. त्याही शांत होत्या. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नव्हते.

सतराव्या दिवशी संध्याकाळी पाचला बेल वाजली. दारात सिस्टर. ड्युटीला जायच्या तयारीत, केस घट्ट बांधलेले, हातात कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडा.

"आभार मानायला आले," त्या म्हणाल्या. "तीन दिवस सलग सहा तास झोपले. माणसात आले. म्हटलं ज्याच्यामुळे झोपले त्याला काहीतरी द्यावं. कुठंय आमचा शत्रू?"

बाईंनी क्रेटकडे बोट केलं. दार सताड उघडं होतं, बाई येऊन पाऊण तास झाला होता, तरी मीटर आतच होता.

सिस्टरांनी बिस्किट पुढे केलं. मीटरने ते पाहिलं आणि नजर बाजूला घेतली. सिस्टर हसल्या, मग हसायच्या थांबल्या. गुडघ्यावर बसल्या. दोन बोटं सतरंजीला लावून पाहिली, ती ओली होती. त्याचा पुढचा पाय उचलून पंजा उलटा केला. त्याने उचलू दिला, जणू तो पाय त्याचा नव्हताच. नखं अर्धी झिजलेली, एक मुळाशी तुटून रक्त वाळलेलं. ओठ वर करून हिरडी दाबून पाहिली. हे सगळं त्या इतक्या सवयीने करत होत्या की बाईंना वाटलं आता थर्मामीटर काढतील.

"ही ओल लाळेची आहे," सिस्टर म्हणाल्या. "दिवसभर धापा टाकत असणार."

"पण तो भुंकत नाही आता. तुम्हाला ऐकू येतं का?"

"नाही येत." सिस्टर तशाच बसून राहिल्या. "आमच्याकडे एकदम दोन पेशंट आले, एक बोंबलतोय आणि एक गप्प पडलाय, तर आम्ही आधी कुणाकडे जातो, सांगा?"

"बोंबलणाऱ्याकडे?"

"नातेवाईकांना तसंच वाटतं, आणि भांडतात आमच्याशी. आम्ही गप्प पडलेल्याकडे जातो. ओरडतोय त्याच्यात अजून जोर आहे, तो थांबू शकतो थोडा वेळ." त्यांनी मीटरचा पाय हळूच खाली ठेवला. "हा शांत झालेला नाही बाई. याने मागणंच सोडून दिलंय."

त्या उठल्या. जाताना त्यांनी बाईंकडे पाहिलं, नर्स बघते तसं, जरा जास्तच वेळ.

"तुम्ही जेवता का वेळेवर?"

"मी? जेवते की."

"बरं," म्हणून सिस्टर ड्युटीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई लॅबमध्ये जाताना नवऱ्याचा जुना फोन बरोबर घेऊन गेल्या. आदल्या दिवशीचं सगळं त्यावर होतं. आतापर्यंत त्यांनी ते फक्त भुंकणं शोधायला पुढे-पुढे ढकलत ऐकलं होतं. आज कानात वायर घालून, समोर एका पेन्शनर गृहस्थांचा खालचा जबडा घेऊन, त्या पहिल्यापासून ऐकत बसल्या. किल्लीचा आवाज. जिन्यावरची त्यांची स्वतःची पावलं. मग जाळीवर नखं, दहा-बारा मिनिटं. मग काही नाही असं त्यांना इतके दिवस वाटलं होतं ते. पण ते काही नाही नव्हतं. बारीक, भराभर, एकसारखा श्वास. पुढचे दात लावून झाले, सुळे झाले, दाढा झाल्या, तरी तो श्वास चालूच होता. दुपारी जेवायच्या सुट्टीत चालू होता. चार वाजता चालू होता. सात तासांत मीटर एकदाही झोपला नव्हता.

शेजारच्या टेबलावर मालक कुणा नव्या मुलीला समजावत होते. अ‍ॅक्रिलिक घाईने शिजवू नये, पाणी एकदम उकळलं की आतल्या आत बुडबुडे धरतात. वरून कवळी छान दिसते, चमकते, माणूस बरा आठवडाभर मिरवतो आणि एक दिवस घास चावताना तिचे दोन तुकडे होतात. बाईंनी हेच वाक्य गेल्या बावीस वर्षांत निदान वीस मुलींना सांगितलं होतं.

त्यांनी कानातली वायर काढली आणि जिन्यात जाऊन ट्रेनरला फोन लावला.

"दार कितव्या दिवशी लावलंत?" त्याने विचारलं.

"पाचव्या."

"मी काय लिहून दिलं होतं?"

"घाई करू नये."

"आता मागे जावं लागेल. अगदी पहिल्या दिवसापासून. आणि आता सहा आठवड्यांत व्हायचं नाही, त्याला त्या वस्तूची भीती बसलीय. तीन महिने धरा. तोवर त्याला घरात एकटं सोडायचंच नाही. आणि एक सांगून ठेवतो. मध्येच तो पुन्हा भुंकायला लागेल, फाडाफाडी करेल. तेव्हा घाबरू नका. ते व्हायलाच हवं."

"कधी?"

"ते कुत्रा ठरवणार."

एकवीस दिवसांतले तीन उरले होते. बाई तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. गप्प राहिलं तर सगळं जुळून आलेलंच होतं. एकविसाव्या दिवशी सेक्रेटरी येणार, वहीत सही घेणार, प्रकरण मिटणार. कुणाला काही कळणार नव्हतं. सिस्टरांना कळलं होतं, पण त्या काही आपली झोप मोडून तक्रार करणार नव्हत्या, की कुत्रं भुंकत का नाही. मीटर रोज सकाळी पाठ करून बसला असता आणि बाई लॅबला गेल्या असत्या. अशी कितीतरी वर्षं निघतात. माणसांची निघतात, कुत्र्याची का नाही निघणार?

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पेचकस काढला आणि क्रेटचं दार बिजागरीतून सोडवलं. मीटर कोपऱ्यातून बघत होता. दार त्यांनी जिन्याखालच्या अडगळीत नेऊन टाकलं, म्हणजे पुन्हा लावायचा मोह नको.

मग सकाळी त्या लॅबमध्ये गेल्या, मीटरला बरोबर घेऊनच. तो टेबलाखाली त्यांच्या पायांना चिकटून बसला.

"मला साठलेली सगळी रजा हवी," त्या मालकांना म्हणाल्या. "आणि मेणात दात लावायचं काम घरी द्या. त्याला मशीन लागत नाही. रजा संपली की मी चार ते साडेआठ येईन, याला घेऊनच, शिजवणं-घासणं तेव्हा करीन."

"कवळ्या काय संध्याकाळी जास्त बऱ्या होतात?"

"माझ्या हातच्या कुठल्याही वेळी बऱ्या होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे."

मालकांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "चावतो?"

"सध्या नाही. पण चावावं अशी आशा आहे."

मालकांना यावर हसावं की नाही कळेना. बाईंचा चेहरा नेहमीसारखाच कोरा होता. ते म्हणाले, बघू, महिनाभर करून बघा.

विसाव्या दिवशी बाई सिस्टरांकडे खाली गेल्या, त्या झोपून उठल्यावर. उभ्या उभ्याच सांगितलं. तुम्ही नऊ ते साडेतीन झोपता, तेवढ्या वेळात मी घरात असेन, तो गप्प राहील ते मी बघीन. पण साडेतीननंतर तो भुंकणार. आज नाही तर पंधरा दिवसांनी, पण भुंकणार.

सिस्टर दाराला टेकून जांभई देत ऐकत होत्या. "साडेतीनपर्यंत मला झोपू द्या," त्या म्हणाल्या. "मग छप्पर उडवलं तरी चालेल. पण अर्ज मी मागे घेणार नाही."

"का?"

"मागे घेतला तर उद्या पुन्हा लिहायचा कंटाळा येईल. तुमचं नाही जमलं तर मला तो लागेल." हे त्या अगदी सरळ बोलल्या. बाईंना ते बरंच वाटलं. चार महिन्यांत सगळे त्यांच्याशी बशीतून चहा सांडू नये तसे बोलत होते.

एकविसाव्या दिवशी सेक्रेटरी वही घेऊन आले. नणंदही आली होती, तिला कुणीतरी सांगितलं होतं की वहिनींनी क्रेट मोडला. मीटर दार नसलेल्या क्रेटपासून चार हात लांब भिंतीला टेकून पडला होता.

"हा तर शहाण्यासारखा पडलाय," सेक्रेटरी म्हणाले. "करा सही. प्रश्न मिटला."

"मिटला नाही," बाई म्हणाल्या. "तो पुन्हा भुंकणार आहे."

सेक्रेटरींचं पेन हवेतच राहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत आणि सहा वर्षांच्या सेक्रेटरीपदात त्यांना स्वतःविरुद्ध तक्रार आणून देणारं कुणी भेटलं नव्हतं. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं: पाचवा दिवस, नखं, सात तासांचा श्वास, नव्या वेळा. सांगताना आवाज कुठे चढला नाही की पडला नाही. लॅबच्या रजिस्टरमधलं काम वाचून दाखवावं तसं.

"मग वहिनी, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," नणंद म्हणाली. "गप्प बसलं होतं जनावर, कुणाला त्रास नव्हता. आता तीन महिने कोण थांबणार? त्यापेक्षा गोदामात राहील मजेत. रविवारी टेम्पो येतोच आहे. पाठवू ना?"

"नाही."

"काय नाही?"

"पाठवायचा नाही."

नणंद त्यांच्याकडे पाहत राहिली. मग पदराच्या टोकाने चष्मा पुसू लागली, आणि तो पुसून झाला तरी पुसतच राहिली. "दादाने त्याला पोरासारखं वाढवलं हे मला काय माहीत नाही का," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला तो डोळ्यांसमोर नको असेल."

बाईंना तो नको होता असं नव्हतं. हवाही नव्हता. पण गोदामातही नको होता. त्यांनी नणंदेसाठी चहा टाकला.

सेक्रेटरींनी वहीत बराच वेळ काही लिहिलं, खोडलं. शेवटी नोंद झाली ती अशी: कुत्र्याचे भुंकणे दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सात या वेळेत तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर चालवून घ्यावे. इतर सभासदांची हरकत नोंदवून घ्यावी. हरकत चार जणांनी नोंदवली. त्यातले दोन जण आजही बाईंशी बोलत नाहीत.

मीटर अठ्ठाविसाव्या दिवशी भुंकला. दूधवाल्यावर, एकदाच, आणि स्वतःच दचकला. त्यानंतरच्या आठवड्यात त्याने सतरंजी फाडली, बाईंच्या कामाच्या डब्यातून मेणाची एक हिरडी दातांसकट पळवली आणि वरच्या दोन दाढा कुठे टाकल्या ते शेवटपर्यंत सापडलं नाही. बाईंनी त्या रुग्णासाठी पुन्हा दाढा लावल्या. रोज दुपारी साडेतीनला त्या घराबाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहत. आधी वीसपर्यंत आकडे मोजायचे आणि आत यायचं. मग पन्नास. मग शंभर. चार जिने उतरून-चढून लोक त्यांच्या अंगावरून जात आणि कवळीवाल्या बाई आपल्याच दाराबाहेर उभ्या राहून आकडे का मोजतात, हे आता कुणी विचारत नसे. मध्ये आठवडाभर सगळं मागे गेलं, शंभरावरून पुन्हा वीसवर. सिस्टर एकदा तावातावाने वर आल्या, कारण तो दुपारी दोनला भुंकला होता. बाईंनी माफी मागितली. सिस्टर म्हणाल्या, माफी नको, झोप हवी. ते बरोबरच होतं.

क्रेटला दार पुन्हा लावलंच नाही. त्यात मीटर दिवसातून दोन-चारदा नाक घाली आणि मागे येई.

तिसरा महिना संपायला थोडे दिवस होते. दुपारी तीन वाजता बाई स्वयंपाकघराच्या टेबलावर कुणा आजींची वरची कवळी लावत बसल्या होत्या. सुळ्याची जागा जमत नव्हती. मेण गरम करायला त्यांनी हात पुढे केला आणि थांबल्या. कुठूनतरी खरखर आवाज येत होता. आधी त्यांना वाटलं, नळ. मग वाटलं, खालून सिस्टर. मग त्यांनी मान वळवली.

मीटर क्रेटमध्ये होता. आडवा पडलेला, चारी पाय सोडून, एक पाय जाळीतून बाहेर. घोरत होता. पोट वर-खाली सावकाश होत होतं, आणि मागचा पाय झोपेतच पळत होता.

बाई हलल्या नाहीत. खुर्ची मागे सरकवली तर फरशीवर करकरली असती. मेणाचा दिवा जळत राहिला. साडेतीन झाले. पावणेचार झाले. बावीस वर्षांत त्यांना लॅबला कधी उशीर झाला नव्हता. सव्वाचारला टेबलावरचा फोन थरथरला, तो त्यांनी पटकन उचलला.

"बाई, कुठे आहात?" मालक. "आज घासायच्या पाच आहेत."

"उशीर होईल," बाई कुजबुजल्या.

"का? बरं नाही का? आवाज असा का?"

"कुत्रं झोपलंय."

"झोपलंय तर बरंच आहे की. आज राहू दे त्याला घरीच, कुलूप लावा आणि या."

"कुलूप वाजतं."

"मग केव्हा येणार?"

"तो उठला की," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.